अस्वल माणसावर कां धांवतें ?

वाघाच्या नुसत्या नांवानें आपण दचकतों. अस्वल मात्र आपल्याला दरवेशाच्या दोरीचें, गमतीचें जनावर वाटतें. पण १९८९ ते १९९४ या काळांत एकट्या मध्यप्रदेशांत (तेव्हां छत्तीसगड त्यांतच होतें) अस्वलांनीं ४८ माणसें मारलीं व ६८६ जखमी केलीं. जखमा पुष्कळदा तोंडाला व डोक्यालाही. जीव वांचला तरी चेहरा वांचतोच असें नाहीं.

आणि हें मांसासाठीं नव्हे ! वाळवी, मुंग्या, मध, बोरें, जांभळें हें त्याचें अन्न. दृष्टि अधू, त्यांत वारुळांत नाक खुपसून फुसफुसत वाळवी ओढीत असतां माणूस अगदीं जवळ येईपर्यंत त्याला कळत नाहीं. मग दचकून तें पळण्याऐवजीं अंगावर येतें. पाठीवर पिलें घेतलेली मादी तर विशेषच.

फाल्गुन-चैत्रांत पहाटे मोह गळतो, तेव्हां माणूस व अस्वल एकाच झाडाखालीं येतात. मेळघाटांत, चंद्रपूर-गडचिरोलीकडेही हेंच. उजाडल्यावर, चारचौघांनीं मोठ्यानें बोलत जावें, हें खरें. परंतु उशीर झाला कीं फुलें गुरें खातात, आणि त्या फुलांवर कित्येक घरांचें मीठ-मिरची चालतें.