जुनी टर्बो गाडी : आधी दुरुस्ती, मग सजावट

आपल्यातील कित्येक तरुण गॅरेजच्या कामात आहेत. काही बांधव जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकतात. त्यांच्यापुढे हल्ली टर्बो पेट्रोल इंजिनाच्या आलिशान गाड्या येऊ लागल्या आहेत. नवी असताना आवाक्याबाहेर असलेली ही गाडी आज साध्या नव्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळते. पण गाडी स्वस्त झाली म्हणून तिचे पार्ट्स स्वस्त होत नाहीत, आणि छोटे भांडवल बुडते ते इथेच.

उदाहरणासाठी २००९ साली भारतात आलेली स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय घेऊ. आपल्याच औरंगाबादजवळील (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे ती जुळवली जात असे. ताकद १६० अश्वशक्ती, टॉर्क २५० न्यूटन-मीटर.

टर्बो म्हणजे काय?

सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल खराब झाले की टर्बो गेलाच समजा.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

१) इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः चालू करा. गाडीवाल्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. सुरुवातीचे काही सेकंद खडखडाट आला तर टायमिंग चेनच्या टेन्शनरचा संशय घ्या. २०१२ पर्यंतच्या इंजिनांत जुन्या पद्धतीचा टेन्शनर असे. तो सुटला तर चेन दाता सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. चेनच्या खालच्या कव्हरवरील रबरी बूच काढले की टेन्शनर जुना की नवा ते दिसते.

२) ऑइल किती पिते ते विचारा. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत कंपनीच चालवून घेते. त्याहून जास्त लागत असेल तर पिस्टन रिंग किंवा ब्रीदर व्हॉल्व्हचे काम निघेल.

३) वॉटर पंपाचे घर प्लास्टिकचे आहे. त्याभोवती गुलाबी पापुद्रा दिसला तर कूलंट गळते आहे.

४) स्कॅनर लावा. पी ००१६ हा कोड चेन ताणल्याचे, तर पी ०२९९ हा टर्बोचा दाब कमी पडत असल्याचे सुचवतो. पण कोड पाहून लगेच टर्बो बदलू नका. आधी होजपाईपची गळती आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा फाटलेला पडदा पाहा.

देखभाल

कंपनीची मुदत पंधरा हजार किलोमीटरची असली तरी जुन्या गाडीचे ऑइल सात-आठ हजारांवर बदलावे. ५०२.०० हा दर्जा डब्यावर छापलेला असलेलेच सिंथेटिक ऑइल घ्या. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. साठ-ऐंशी हजारांनंतर मॅनिफोल्ड उतरवून ते साफ करावेत. परदेशात यासाठी अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. गिऱ्हाइकालाही दोन गोष्टी शिकवा : हायवेवरून जोरात आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवावे, आणि चढ-उतारावर केवळ गिअरमध्ये गाडी उभी न करता हँडब्रेक लावावा. गाडी मागे रेटली गेली तर जुना टेन्शनर सैल पडतो.

ताकद वाढवावी का?

लॅपटॉप जोडून ताकद वाढवून देणारे आज जागोजागी आहेत. पण हिशेब पाहा. या गाडीच्या सात गिअरच्या ऑटोमॅटिक डीएसजी बॉक्सची क्षमता २५० न्यूटन-मीटर आहे आणि इंजिन कंपनीतूनच तेवढा जोर देते. वर शिल्लक काहीच नाही. वाढवलेला प्रत्येक जोर त्या कोरड्या क्लचवर पडतो. म्हणून आधी इंजिन निरोगी करा, मग चांगले ब्रेक पॅड, टायर आणि सस्पेन्शनचे बुश. गाडी सुधारल्याचे समाधान यातच मिळते.

कायदाही विसरू नका. कंपनीच्या मूळ नोंदीविरुद्ध बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून गाडी गरजवणे म्हणजे पीयूसीलाही अडचण.

व्यापाऱ्यांसाठी

खरेदीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवूनच सौदा करावा. दरवाजा, आरसा, दिवा असे पार्ट्स कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून चालतील. चेन, टेन्शनर आणि वॉटर पंप मात्र नवेच घ्या. बदललेल्या पार्ट्सची बिले फाईलला लावा आणि राहिलेला दोष गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा. दोष लपवून विकलेल्या गाडीच्या पैशात बरकत नसते, आणि तीच गाडी महिन्याभरात टोइंगवर आपल्याच दारात परत येते.