खेळण्यातल्या आगगाडीवरचे डाग

पितळेचा तांब्या काळवंडला की आपण तो चिंचेने घासतो आणि तो लख्ख होतो. हाच उपाय मी एकदा एका जुन्या इंग्लिश खेळण्यातल्या इंजिनावर केला. रंग उडालेल्या जागी पांढुरका डाग होता, त्यावर लिंबाची फोड चोळली. बारीक बुडबुडे आले, डाग गेला. पण खालचा गुळगुळीतपणाही गेला आणि खरखरीत करडा चट्टा कायमचा राहिला. असे का झाले?

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये किल्लीवर चालणाऱ्या आगगाड्या विकायला आणल्या. त्यांच्या रुळांतील अंतर ३२ मि.मी. असून गाड्या कथील चढवलेल्या पोलादी पत्र्याच्या होत्या. १९३८ मध्ये आलेल्या 'हॉर्नबी डब्लो' गाड्यांचे रूळ १६.५ मि.मी. अंतराचे, तर इंजिनांचा वरचा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव. रंगाखाली हा फरक दिसत नाही. म्हणून पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक इंजिनाच्या टपाला लावून पाहा. (चाकांजवळ नको, तिथे पोलादी आस असतात.) पत्रा चिकटेल, जस्त चिकटणार नाही.

आता लिंबाचे कोडे सुटते. पितळेवरचा काळपट थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा. चिंचेतले आम्ल तो विरघळवते, परंतु तांबे आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही, म्हणून भांडे शाबूत राहते. जस्त मात्र हायड्रोजन सहज बाहेर काढते आणि स्वतः विरघळते. ते बुडबुडे हायड्रोजनचे होते!

पत्र्याची गोष्ट निराळी. घरातल्या पितळी पातेल्याला कल्हई करतात, तेच हे कथील. त्याचा थर अखंड असेपर्यंत लोखंड सुरक्षित असते. चरा पडला, की उलटेच घडते. लोखंडाचे विभव −०.४४ व्होल्ट, कथलाचे −०.१४. ओलावा मिळताच त्या दोहोंचा इवलासा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजते ते लोखंड. जस्त चढवलेल्या बादलीत याच्या उलट जस्त (−०.७६) आधी झिजते व लोखंड वाचते. तेव्हा गंजाच्या डागावर सँडपेपर चालवणे म्हणजे उरलेसुरले कथील खरवडून गंजाला नवी वाट करून देणे. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची भुकटी नाकातोंडात जाऊ नये.

गंजावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी कापसाने टिपा. सुटेल तेवढाच गंज काढा. धुळीच्या चिकट थराला साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके पुरते. पण प्रथम गाडीच्या तळाशी लावून रंग उतरत नाही ना, ते पाहा आणि लगेच कोरडे करा.

एका खुणेपुढे मात्र कोणतेही फडके चालत नाही. ओतीव भागावर बारीक भेगांचे जाळे आणि फुगवटा दिसला, तर दोष पृष्ठभागावर नाही, आत आहे. ओतताना जस्तात शिसे मिसळले गेले असेल, तर धातूच्या स्फटिककणांच्या सीमा ओलाव्याने पोखरल्या जातात. त्यासाठी शेकडा ०.००५ भागाहून थोडे अधिक शिसेही पुरते. असा भाग घासू नका, कोरड्या जागी ठेवा. भेगा बुजणार नाहीत, पण सावकाश वाढतील.