यलोस्टोनमध्ये अस्वल दिसलं तर?

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे डेन्व्हरला जातोय, तिथून यलोस्टोनचा बेत आहे. मला अस्वलं बघायची हौस, तर बायको घाबरते. गाडीतून उतरावं का?

उत्तर : वहिनींची भीती अनाठायी नाही, पण बेत मोडू नका. लमार आणि हेडन या खोऱ्यांत पहाटे किंवा संध्याकाळी जा. गाडी रस्त्यात न थांबवता ठरवून दिलेल्या जागीच लावा, आणि कॅमेऱ्याआधी चांगली दुर्बीण घ्या. अस्वलापासून किमान 91 मीटर (100 यार्ड) अंतर ठेवायचा तिथे नियम आहे. ते नजरेनं कसं मोजायचं? हात समोर ताठ धरा, एक डोळा मिटा, अंगठा अस्वलावर आणा. अख्खं अस्वल अंगठ्याआड लपलं तर ठीक. कान, ढुंगण बाहेर दिसलं तर मागे सरा.

पायवाटेवर जाणार असाल तर तिघंचौघं मिळून, गप्पा मारत चला. अवचित समोर आलेला माणूस अस्वलाला सर्वांत जास्त बिथरवतो. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा कमरेलाच हवा, सॅकच्या तळाशी नको. तो विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या. (डासांच्या औषधासारखा अंगाला मात्र फासू नका!)

गाठ पडलीच तर पळायचं नाही, सावकाश मागे सरकायचं. खांद्यावर उंचवटा असलेल्या ग्रिझलीनं धरलंच, तर पालथं पडून मानेवर हात बांधा, सॅक पाठीवरच राहू द्या. काळं अस्वल अंगावर आलं, तर मात्र प्रतिकार करा.

बाकरवडीचा डबा बाकावर सोडून फोटो काढायला जाऊ नका. तो गाडीत, काचा बंद करून.