गुरुजी उभे राहिले तर : शिक्षण मंडळ, मतदार आणि महात्मा फुले यांची साक्ष

जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होतो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात, आणि पंगतीत कोणीतरी म्हणतेच, "गुरुजी, आता उभे राहा." सेवेत असताना हे त्यांना शक्य नव्हते, कारण जिल्हा परिषदेचा पगारी नोकर त्याच परिषदेचा सभासद होऊ शकत नाही. म्हणून ज्या क्षणी तो माजी शिक्षक होतो, त्या क्षणी तो संभाव्य उमेदवारही होतो. गावाला वाटते, ज्याने तीस-पस्तीस वर्षे शाळा पाहिली, त्याच्याइतके शाळेचे हित कोणाला कळणार? हा समज कितपत खरा आहे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज स्वतः शिक्षक आहेत, काही निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

प्रथम आपल्या भूमीचा विचार करू. कनेरगाव नाका हे गाव हिंगोली-वाशीम रस्त्यावर, दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत वसले आहे. पूर्वी ही सीमा दोन राज्यव्यवस्थांची होती. हिंगोलीची बाजू निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर वाशीमची बाजू इंग्रजी अमलाखालील वऱ्हाडात. वऱ्हाडात १९२० च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानंतर जिल्हा कौन्सिले आली, आणि निवडून आलेल्या सभासदांच्या हाती गावोगावच्या शाळांचा कारभार काही अंशी आला. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने 'स्कूल बोर्ड' ही संस्था निर्माण झाली. आपल्या बाजूला मात्र खासगी शाळा काढायची तरी सरकारी परवानगी लागे, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले, आणि शाळेविषयी मत देण्याची मतपेटी शेतकऱ्याने पाहिलेली नव्हती. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापकी करणारे स्वामी रामानंद तीर्थ १९३८ मध्ये शाळा सोडून सार्वजनिक कार्यात उतरले, ते सत्याग्रह करून तुरुंगातच गेले. मराठवाड्यातील माजी शिक्षकाला त्या काळी दुसरा रस्ता नव्हता. लोकसभेत ते पोहोचले १९५२ साली, संस्थान विलीन झाल्यानंतर.

शिक्षक आणि शिक्षणाचा कारभार यांच्या संबंधाचा सर्वांत बोधप्रद दाखला मात्र याहून जुना आहे, आणि तो पुण्याचा आहे. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, स्वतः शिकविले, सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले. १८५८ च्या सुमारास ते शाळांच्या व्यवस्थापनातून बाजूला झाले व पुढे शेती आणि बांधकामाची कंत्राटे करू लागले. म्हणजे १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद झाले, तेव्हा ते सर्वार्थाने माजी शिक्षक होते. ते निवडून आले नव्हते, सरकारने त्यांची नेमणूक केली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. १८८२ पर्यंत ते सभासद होते. त्यांच्याहून अधिक वर्ग ज्यांनी सांभाळले, त्या सावित्रीबाईंसाठी त्या सभेत खुर्ची नव्हती. कोणाही स्त्रीसाठी नव्हती. त्याच सुमारास लंडनमध्ये १८७० च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्कूल बोर्डात स्त्रिया मतही देऊ शकत होत्या आणि उभ्याही राहू शकत होत्या. एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस या दोघी पहिल्याच निवडणुकीत निवडून आल्या. पुढे हिंदुस्थानात प्रसिद्ध झालेल्या ॲनी बेझंट १८८८ मध्ये त्याच बोर्डावर निवडून गेल्या.

नगरपालिकेत फुले यांनी काय केले? १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. इतर सभासद अनुकूल असता एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. मंडळावर गेलेल्या शिक्षकाचे पहिले काम येथे दिसते. शाळेसाठी पैसा नाही असे म्हणणाऱ्या सभेला, तिचा पैसा कोठे जातो हे तोंडावर सांगणे. मतदानात हरूनही हे काम होते, कारण इतिवृत्तात नोंद राहते.

त्याहून महत्त्वाची आहे ती १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी सादर केलेली साक्ष. स्थानिक स्वराज्याचे वारे तेव्हा जोरात होते. लॉर्ड रिपन यांचा ठराव त्याच वर्षीचा. प्राथमिक शाळा नगरपालिका व लोकल बोर्डांकडे सोपवाव्यात, हा विचार सर्वत्र मान्य होऊ लागला होता. अशा वेळी सहा वर्षे नगरपालिकेत बसलेला हा माणूस आयोगाला सांगतो की मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, परंतु शाळांचा कारभार कोणत्याही परिस्थितीत संपूर्णपणे त्यांच्या स्वाधीन करू नये. देखरेख शिक्षण खात्याची असावी. खेड्यांतील लोकल फंडाच्या समित्यांविषयी तर ते अधिक कठोर आहेत. त्यांवर पाटील, इनामदार, सरदार अशी मंडळी बसतात, आणि शिक्षणाच्या पैशावर जाणतेपणाने लक्ष ठेवणे त्यांच्या आवाक्यातले नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

हे वाचून काहींना वाटेल की फुले लोकांच्या सत्तेविरुद्ध होते. मला तसे वाटत नाही. त्यांचा प्रश्न मंडळ हवे की नको हा नव्हता. मंडळावर कोण बसतो आणि ज्यांची मुले शाळेबाहेर आहेत ते तेथे असतात का, हा होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हे त्या साक्षीचे मुख्य सूत्र. पुढील इतिहासाने त्यांची शंका खरी ठरविली. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या, तरी बहिष्कृत वर्गाच्या मुलांना अनेक ठिकाणी वर्गाच्या बाहेर बसावे लागतच होते. म्हणूनच १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमावी लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद झाले. त्याआधी, १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बोलताना त्यांनी हिशेब मांडला होता. चालू वेगाने गेल्यास शाळायोग्य वयाची सर्व मुले शाळेत यायला चाळीस वर्षे आणि सर्व मुली यायला तीनशे वर्षे लागतील! सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या माणसाने शिक्षकांच्या वेतनापेक्षा आधी हा आकडा सभागृहासमोर ठेवला.

फुल्यांच्या साक्षीत शिक्षकांविषयीही पुष्कळ आहे, आणि ते शिक्षकांना सुखावणारेच नाही. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन नसावे, मोठ्या गावात पंधरा ते वीस असावे, ही मागणी त्यांनी केली. सोबत असेही सांगितले की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळणारे असावेत, वेळप्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये. तपासणीबद्दल त्यांचे मत आजच्या केंद्रप्रमुखांनीही वाचावे. अधिकारी वर्षातून एकदा, आधी कळवून येतो, त्याचा उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी यावे, आणि न कळविता यावे.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डांचे काम त्यांच्या शिक्षण समितीकडे गेले. शहरांतील शिक्षण मंडळे २०१३ मध्ये रद्द झाली. म्हणजे 'स्कूल बोर्ड' हे नाव आता केवळ जुन्या लोकांच्या बोलण्यात उरले. २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकांनी पाहिला. त्या काळात शाळेच्या छताविषयी प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. सभासद चांगला की वाईट, हा वाद घालण्याचीही सोय नव्हती.

माजी शिक्षक उमेदवार असला की त्याचा जाहीरनामा बहुधा ठरलेला असतो. जुनी पेन्शन, रिक्त पदे, अशैक्षणिक कामे, विनाअनुदानित शाळांचे अनुदान. या मागण्या न्याय्य आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकाला जुनी पेन्शन नाही, ही त्याच्या संसाराची गोष्ट आहे. परंतु या मागण्यांसाठी विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघ स्वतंत्रपणे आहेत. तेथे मतदार माध्यमिक व त्यावरील शिक्षक असतात, प्राथमिक शिक्षकाला तेथेही मत नाही, हा अन्याय वेगळा. जिल्हा परिषदेच्या गटात मात्र मतदार गावकरी असतो. तेथे शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून जाणारा गुरुजी चुकीच्या दाराने आत शिरतो.

बदल्यांचेही तसेच. एके काळी सभासदाचे वजन त्याने किती बदल्या करून दिल्या यावर मोजले जाई. २०१७ पासून बदल्या संगणकावर होऊ लागल्या आणि ते वजन उतरले. माझ्या मते त्या बदलाने शिक्षण समितीचे भलेच केले, कारण आता सभासदाजवळ शाळेखेरीज बोलायला फारसे उरले नाही.

खरी कसोटी हजेरीपटाची आहे. पटावरची संख्या आणि वर्गातली संख्या यांतील फरक शिक्षकाइतका कोणाला माहीत नसतो. संचमान्यता पटावर होते, शिक्षकाचे पद पटावर टिकते. त्यामुळे पट फुगविण्याचा मोह व्यवस्थेतच आहे. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटपडताळणी केली, आणि त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत संपूर्ण राज्यात ती झाली. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी करावी लागली, आणि लाखो नावे केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. हे काम महसूल यंत्रणेला करावे लागले. त्या वेळी जिल्हा परिषदांच्या शिक्षण समित्या अस्तित्वात होत्या, सभासदांत माजी शिक्षकही होते. ज्याला आतले ठाऊक आहे तो आतल्यांविरुद्ध बोलेलच असे नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको.

याचा अर्थ गुरुजींनी उभे राहू नये असा नाही. उलट, ज्याला हजेरीपट वाचता येतो असा सभासद दुर्मीळ आहे. मतदाराने त्याला विचारायचे ते मात्र नेमके असावे. आपल्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबे जातात. गुरुजी, तुमच्या शाळेत दिवाळीनंतर किती मुले उरत? जी गेली त्यांची नावे तुम्ही कोणाला कळविली? हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कोणत्या महिन्यात जायचा आणि मंजुरी कधी यायची? ज्याला ही उत्तरे तोंडपाठ आहेत, त्याला मत देण्यास हरकत नाही, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. ज्याला आठवावे लागते, त्याच्या शाल-श्रीफळाचा आदर करावा आणि मत दुसऱ्याला द्यावे.

जिल्हा परिषदेचा गट मोठा, खर्च मोठा. त्याहून जवळची जागा शाळेतच आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. उरलेल्या चतुर्थांशात शिक्षणतज्ज्ञाची जागा असते, तेथे सेवानिवृत्त शिक्षक बसू शकतो. माझ्या दृष्टीने गुरुजींना सर्वांत शोभणारी जागा हीच, कारण तेथे ते बहुमताने नव्हे, माहितीने उपयोगी पडतात. आराखडा कसा लिहावा, कोणता निधी कोणत्या मथळ्याखाली येतो, पावती कोठे मागावी, हे पालकांना शिकविणारा कोणीतरी लागतोच.

एक बारकावा बहुतेक पालकसभांत निसटतो. कायद्यात पालक म्हणजे केवळ आई-बाप नव्हेत. मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे तोही पालकच. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले आजी-आजोबांकडे राहतात. ती आजी समितीवर निवडून येऊ शकते, मत देऊ शकते, आराखड्यात हंगामी वसतिगृह लिहा असे सांगू शकते. तिला अक्षरओळख नसली तरी कायद्याची आडकाठी नाही. समितीची मुदत दोन वर्षांची असते. सभेची सूचना शाळेच्या फलकावर लागते, आणि ती आजीला वाचून दाखविण्याचे काम आपल्या शाळेचा कोणताही माजी विद्यार्थी करू शकतो.