चुलीचा धूर आणि बॅटरीवरची शेगडी

दम्याची तक्रार घेऊन येणाऱ्या भगिनींना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की स्वयंपाक कशावर करता? जन्मात विडी न ओढलेल्या बाईची छाती वाजते, त्यामागे बहुधा चुलीपुढे गेलेली वीस-पंचवीस वर्षे असतात. धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. लहान मुलांचा न्यूमोनिया आणि मोतीबिंदू यांच्याशीही या धुराचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

पण गावात वीज आली की धूर गेला, असे होत नाही. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२ साली गावापुरती सौरवीज सुरू झाली. क्षमता सुमारे ९.४ किलोवॅट, घरे चाळीसच्या आसपास. म्हणजे घरामागे सव्वादोनशे वॅटच्या थोडे वर. दिवे-पंख्याला हे पुरते. इंडक्शन शेगडी मात्र एकटीच दीड-दोन हजार वॅट ओढते. अशा गावात सातला पाच-सहा शेगड्या एकदम लागल्या, की वीज गेलीच म्हणून समजा.

उपाय आहे तो शेगडीला जोडलेल्या बॅटरीचा. बारीक झऱ्याने दिवसभरात हौद भरावा, तशी बॅटरी उन्हाच्या वेळी दीडशे वॅटने आठ तास भरली तर १.२ युनिट वीज साठते. विजेच्या प्रेशर कुकरात संध्याकाळचा वरण-भात आणि उसळ एवढ्यात सहज होते. कडधान्य मात्र आधी भिजवलेले हवे. अंघोळीचे पाणी या विजेवर तापवू नये. पंधरा लिटर पाण्यालाच अर्धा युनिट लागतो!

बॅटरी वीज साठवते, निर्माण करीत नाही, हे गावच्या समितीने विसरू नये. दरेवाडीएवढ्या केंद्रातून दिवसाला साधारण चाळीस युनिट मिळतील, आणि चाळीस बॅटऱ्यांनाच अठ्ठेचाळीस हवेत. तेव्हा पॅनेल वाढवावीत, नाहीतर एक दिवसाआड पाळ्या लावाव्यात.

राहता राहिली भाकरी. ती सपाट बुडाच्या लोखंडी तव्यावर इंडक्शनवर होते, पण वीज बरीच खाते, आणि सासूबाईंना ती पसंत पडेलच असे नाही. माझे मत विचाराल तर भाकरीपुरती चूल ठेवा, पण ती पडवीत न्या आणि तान्ह्या मुलाला तिच्याजवळ घेऊन बसू नका. वरण, भात, चहा चुलीवरून उतरले तरी धुरापुढचा वेळ पुष्कळ कमी होतो.

बॅटरी लिथियमची असल्यास उत्तम. शिशाची असेल तर अर्ध्याखाली उतरवू नये आणि हवेशीर जागी ठेवावी, कारण भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. कोणतीही बॅटरी चुलीजवळ वा अंथरुणाखाली नको. फुगली किंवा हाताला चटका देऊ लागली, तर त्याच क्षणी वापर थांबवून जाणकाराला दाखवावी.