विरूपित जाळीचे त्रिमितीय चित्र कसे वाचावे?

पूल, धरण किंवा प्रक्षेपक यानाचा सांगाडा भाराखाली किती वाकेल, याचा अंदाज आधीच घेण्यासाठी फायनाइट एलिमेंट पद्धती वापरली जाते. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने विकसित केलेली 'फीस्ट' ही याच पद्धतीची भारतीय संगणकप्रणाली होय.

या पद्धतीत वस्तूची लहान घटकांच्या जाळीत विभागणी करतात. घटक ज्या बिंदूंत जोडलेले असतात, त्यांना नोड म्हणतात. गणनेतून प्रत्येक नोडचे तीन दिशांतील विस्थापन मिळते. ते मूळ स्थानात मिळवून जाळी पुन्हा रेखाटली, की विरूपित आकार दिसतो.

मात्र विस्थापन सहसा अत्यल्प असते. १० मीटर लांबीची तुळई मध्यभागी १ सेंटिमीटर वाकली, तर पडद्यावरील २० सेंटिमीटरच्या चित्रात हा वाक केवळ ०.२ मिलिमीटर असेल. म्हणून विस्थापनाला, समजा, ५० ने गुणतात. मग तो १ सेंटिमीटर दिसतो. हा गुणक न पाहता 'तुळई मोडणार' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. मूळ जाळी फिकट रेषांनी सोबत दाखविल्यास तुलना सुलभ होते. पक्क्या आधारावरील नोड हललेला दिसल्यास आधाराची अट चुकल्याचे कळते.

चित्र सुबक असले, तरी सदोष जाळीचे उत्तर फसवेच असते. नॉर्वेतील 'स्लाइप्नर ए' या सागरी वायू-मंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी बुडाला. अयोग्य जाळीमुळे त्याच्या भिंतींतील कर्तन प्रतिबल ४७ टक्के कमी मोजले गेले होते. म्हणून गुणक, आधार आणि जाळी तपासूनच चित्राचा अर्थ लावावा.