सहा प्रश्नचिन्हं

आमच्या धनजला, कारंजा तालुक्यात, जातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू झाली की सगळे जुना कागद शोधू लागतात. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. तो सापडतो एक तर कोतवाल बुकात, नाही तर शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात. अशाच एका शाळेच्या रजिस्टरांचे फोटो काढून शोधयादी करायचं काम मी घेतलं होतं. प्रत्येक फोटोला मराठीत नाव दिलं: आडनाव, नाव, साल.

हजारावर फोटो झाले. विंडोजच्या काळ्या कमांड-खिडकीत फायलींची यादी देणारी ‘डिर’ कमांड चालवली, नुसती नावं यावीत म्हणून बी आणि आतले फोल्डरही यावेत म्हणून एस हा स्विच लावला, यादी मजकूर-फायलीत वळवली आणि डेटाबेसमध्ये ओतली. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली. फाँटचा घोळ असेल, शाळेच्या संगणकावर नीट दिसेल, असं समजून मी पेनड्राइव्ह देऊन टाकला. चूक इथेच झाली.

ती खिडकी जुन्या कोडपेजवर चालते आणि त्यात देवनागरीला जागाच नसते. म्हणून यादी फायलीत लिहिताना प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार यांच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह पडतं. ‘गावंडे’ सहा खुणांचा, ‘देशमुख’ही सहा खुणांचा. पुढचं नाव तेवढ्याच लांबीचं आणि साल एकच असलं, की दोन वेगळी माणसं यादीत एक होतात. नावाचा रकाना मी दुबार चालणार नाही असा ठेवला होता, आणि आयात करताना दुबार ओळी वगळायला सांगितलं होतं. त्यामुळे शेकडो नोंदी चुपचाप गळाल्या. जूनमध्ये एक कुटुंब आलं, त्यांना ‘यादीत नाही’ असं उत्तर मिळालं. त्यांच्या आजोबांचं १९४८ चं पान फोल्डरमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. ते सापडेपर्यंत मुलाची पडताळणीची मुदत टळून गेली होती.

तुम्ही हे काम करणार असाल तर ‘डिर’च्या आधी त्याच खिडकीत ‘सीएचसीपी ६५००१’ द्या, म्हणजे यादी यूटीएफ-८ मध्ये लिहिली जाईल. त्याहून बरं पॉवरशेल: त्यात नाव, आकार आणि बदलाची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत मिळते, आणि नावात स्वल्पविराम असला तरी सीएसव्ही बिघडत नाही. पण विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत एन्कोडिंग स्वतः यूटीएफ-८ लिहून द्यावं लागतं, नाही तर तिथेही तीच प्रश्नचिन्हं. डेटाबेसचा रकानाही युनिकोड हवा, मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४. यादीची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाही तर ती स्वतःच यादीत येऊन बसते.

आयात झाल्यावर मोजा. फोल्डरमध्ये फायली किती, यादीत ओळी किती, तक्त्यात नोंदी किती. हे तीन आकडे मी त्या दिवशी पाहिले असते, तर एवढंच पुरलं असतं. ओळख म्हणून फाइलचं नाव वापरू नका. प्रत्येक फोटोला वेगळा क्रमांक द्या.

एक गोष्ट खास मराठीची. ‘कऱ्हाळे’मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलंत देऊन त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत घालून. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला ही दोन नावं वाटतात. आता मी आयातीच्या आधी सगळी नावं एकाच रूपात आणून घेतो. तरीही एखादं आडनाव सापडलं नाही, तर ‘नाही’ म्हणण्याआधी त्या सालचे सगळे फोटो उघडून पाहतो.